वरच्या शाळेची किल्ली

शाळेचं नाव काढलं तरी हल्ली मला किळस येते. माझा धंदा शिवणाचा, शाळांचे गणवेश शिवूनच माझं घर चालतं, म्हणजे मी असं म्हणणं हे खाल्ल्या ताटात थुंकण्यासारखं आहे. पण जे आहे ते आहे. किळस आली की ती सांगून टाकावी, गिळून बसलं की अंगाला लागते.

आमच्या गावात पाचवीपर्यंतची शाळा एक आणि सहावी ते आठवीच्या शाळा दोन. एक टेकाडावर, ती वरची. दुसरी ओढ्याकाठी, ती खालची. दोन्ही सरकारी, दोन्हींत मिळून मुलं जेमतेम दोनशे. कुठली चांगली, यावर गावात रोज वाद. न्हावी म्हणायचा, वरच्या शाळेतली मुलं केस कापायला आली की गप्प बसतात, खालच्या शाळेतली आरशात वेडावून दाखवतात. पोस्टमन म्हणायचा, वरच्या शाळेला पत्रं जास्त येतात. आमचे हे दुधाची गाडी चालवतात. त्यांच्या मते वरच्या शाळेपुढचा रस्ता चांगला होता, आणि तेवढ्यावर त्यांचा निकाल लागलेला होता.

दोन्ही शाळांच्या अगदी आत, शेवटच्या दारापर्यंत रोज जाणारं माणूस गावात एकच होतं. तिला मात्र कुणी विचारलं नाही. ती म्हणजे मावशी. कुणाचीच मावशी नव्हे, पण सगळे तसंच म्हणतात. तीस वर्षं दोन्ही शाळांचे संडास तीच धुवायची. सकाळी साडेसहाला खालची शाळा, दुपारी दोनला वरची.

मावशी साठीची, अंगाने काटकुळी, आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा. ॲसिडने तिचे हात इतके खाल्ले होते की अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मध्यंतरी ऑफिसने हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं. मावशी रोज अंगठा लावायची, मशीन रोज तिला नाही म्हणायचं. महिनाभर ती कामावर होती आणि महिनाभर कागदावर गैरहजर. तिने कारकुनाला एवढंच सांगितलं, “बाबा, मशीनला म्हणावं संडास बघून ये, मी आले की नाही ते कळेल.” पुढच्या महिन्यापासून कारकून गुपचूप वहीत टिंब करायला लागला.

कुणाच्या घरी गेली की ती आधी मोरी बघायची. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी चहा टाकला, तर ही थेट मागे गेली, वाकून बघून आली आणि म्हणाली, “बरी आहेस.” माणूस तोंडावरून कळत नाही, मोरीवरून कळतो, हे तिचं शास्त्र. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

तिच्या गळ्यात एक काळा दोरा असायचा आणि त्यात एकच किल्ली. वरच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाची. कुणीतरी देणगीदाराने बांधून दिलेला, पांढऱ्या फरशीचा, आरशाचा. त्याची कीर्ती अशी की लग्नाचे पाहुणे आले तरी गावकरी लांबून बोट दाखवून सांगायचे. दरवर्षी तपासणीत वहीत शेरा यायचा, ‘स्वच्छता उत्तम’. त्याचं एक प्रमाणपत्र हेडमास्तरांनी मावशीला दिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण ‘उत्तम’ या अक्षरांचा आकार ती ओळखायची. चुलीमागच्या भिंतीवर तिने ते काचेत लावलं होतं.

मागच्या वर्षी ऑफिसातून पत्र आलं. दोनशे मुलांसाठी दोन शाळा परवडत नाहीत. दोन्हींची तुलना होईल, शंभर गुणांचा फॉर्म भरला जाईल, जास्त गुणांची शाळा राहील, दुसरी बंद. शिवाय पालकांचं मत म्हणून सह्यांची यादी द्यायची.

माझी ठकी त्या वर्षी पाचवीत होती. पुढच्या वर्षी सहावी. एकुलती एक लेक, तिचं चांगलं व्हावं एवढंच मला हवं होतं, आणि चांगलं म्हणजे वरची शाळा यात मला तिळमात्र शंका नव्हती. तिथली मुलं रांगेत चालत, तिथले गणवेश इस्त्रीचे. खालच्या शाळेत गेलं की आधी संडासाच्या ओल्या बोळाचा वास यायचा. मी नाक धरून मापं घ्यायचे आणि बाहेर येऊन थुंकायचे. मग काय, मी यादी हातात घेतली. पहिली सही माझी. त्याखाली दारोदार फिरून छप्पन्न सह्या आणल्या. हेडमास्तर म्हणाले, “ताई, तुमच्यासारखे पालक हवेत.” मी चार दिवस तरंगत होते.

त्या चार दिवसांतच मावशी फाटलेला खिसा शिवायला घेऊन आली. यादी शिवणाच्या मशीनवर पडली होती. तिने विचारलं, “हे काय?” मी सांगितलं. तिने सह्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “ठकी शाळेतून येते तेव्हा तिची पाण्याची बाटली कशी असते गं?”

“कशी म्हणजे? रिकामी.”

“लक्षात ठेव. रिकामी असते,” असं म्हणून ती शिवलेला खिसा घेऊन गेली. मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी.

तपासणीच्या दहा दिवस आधी हेडमास्तरांनी मला वरच्या शाळेत बोलावलं. कवायतीसाठी मुलींचे नवे स्कर्ट शिवायचे होते. रंग पांढरा ठरला होता. मी टेप घेऊन वर्गात बसले आणि एकेक मुलगी पुढे यायला लागली. पहिली माझ्या कानाशी लागून म्हणाली, “काकू, पांढरा नको ना. काळा करा.” दुसरीही तेच. सातवी-आठवीतल्या सगळ्याच. मी म्हटलं, काय बाई या फॅशनी. एकीला तर दटावलंसुद्धा. त्यांचे ओठ सुकलेले होते, साली निघालेल्या. तेही मला दिसलं, पण थंडीचे दिवस म्हणून मी सोडून दिलं. डोळे असून आंधळी म्हणतात ती मीच.

दोन तास झाले, माझा दोनदा चहा झाला होता. बाहेर आले तर मावशी झाडू घेऊन उभी. मी म्हटलं, “मावशी, तुमचा तो महाल उघडा की जरा. जायचंय.”

तिने माझ्याकडे पाहिलं, गळ्यातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

खरं सांगते, असा संडास मी हॉस्पिटलातही पाहिला नव्हता. फरशीवर एक डाग नाही, भिंतींना चकाकी, नळ चार, तेही स्टीलचे. आरशात माझं सगळं तोंड दिसलं. वास मात्र कसलाच नव्हता, बंद कपाटासारखी हवा होती. मी आत जाऊन आले आणि हात धुवायला नळ सोडला. काही नाही. दुसरा सोडला. तिसरा. चौथा फिरवला तर तो हातातच गरगर फिरला.

“पाणी गेलंय का?” मी विचारलं.

“गेलं नाही,” मावशी म्हणाली. “कधी आलंच नाही. भिंतीमागे पाइपच नाही. चौदा वर्षं झाली.”

“मग तुम्ही धुता कशाने?”

“धुवायला वापरतं कोण? रोज धुते तो मास्तरांचा. इथे नुसती धूळ बसते, ती शनिवारी ओल्या फडक्याने पुसते. तपासणीला उघडायचा, साहेब बघतात, उत्तम लिहितात, की पुन्हा कुलूप.”

“आणि मुली?”

मावशीने झाडूने खिडकीबाहेर दाखवलं. मागच्या पडक्या भिंतीपलीकडे झुडपं होती, आणि त्या झुडपांत जे होतं त्यावर माश्या घोंगावत होत्या. “धीट आहेत त्या तिकडे जातात. बाकीच्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत.”

मला तिथेच ओकारी आली. झुडपांची नाही, त्या फरशीची. इतकी स्वच्छ घाण मी जन्मात पाहिली नव्हती. बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे तर वासाही नव्हता. आणि याच्यासाठी मी छप्पन्न घरांचे उंबरे झिजवले होते.

“इतकी वर्षं तुम्ही गप्प कशा राहिलात मावशी?” मी जरा चढ्या आवाजात विचारलं. किल्ली तिच्याच गळ्यात होती ना.

ती आरशाखालच्या कट्ट्यावर बसली. तिची एक लेक होती हे मला ठाऊक होतं, लांब कुठेतरी बाटल्यांच्या कारखान्यात कामाला आहे, एवढंच. बाकीचं तिने त्या दिवशी सांगितलं. लेक याच शाळेत सातवीत असताना दोनदा तापाने फणफणली होती, पोटात कळा यायच्या. डॉक्टर म्हणाले, पाणी पाजा. मग एके दिवशी शाळेत असताना पाळी आली आणि तिचा स्कर्ट भरला. ती शेवटच्या बाकावर बसून राहिली, शाळा सुटली तरी उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलीच नाही.

“मी इथेच होते,” मावशी म्हणाली. “ती तिकडे त्या खोलीत बसली होती, पन्नास पावलांवर. किल्ली माझ्या गळ्यात होती. मी का नाही उघडलं विचार.”

मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. “दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मी फरशी पुसून ठेवली होती.”

हे सांगताना ती रडली नाही. तिला स्वतःची जी किळस आली होती ती बहुतेक रडण्याच्या पलीकडची असावी. मी टेप गुंडाळला, वाटेत खालच्या शाळेचा बोळ नाक न धरता आतपर्यंत बघितला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच छप्पन्न घरी पुन्हा गेले. म्हटलं, सह्या मागे घ्या. खालच्या शाळेत बोळाला वास येतो कारण मुली तो वापरतात. तिथे तीन खोल्या आहेत, एकीचं दार तारेने बांधलंय, नळ नाही, पण हेडबाईंनी निळा पिंप ठेवलाय आणि मावशी तो रोज ओढ्यावरून भरते. ऐकणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. बाया दारामागे सरकल्या. पुरुष हसले. “शाळा काय संडासावरून ठरवायची?” न्हावी म्हणाला. एक शहाणा म्हणाला, “ताई, असलं चारचौघांत बोलू नये.” स्वतःच्या मुली दिवसभर तहानलेल्या ठेवायच्या, त्याची लाज नाही. ते बोलायची लाज. थू असल्या लाजेवर. आमचे हे तर म्हणाले, “तू कशाला त्या घाणीत हात घालतेस?” त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. सही फक्त एका घराने मागे घेतली, आणि ती खोडायला हेडमास्तरांनी नकार दिला. म्हणे यादी नोंदली गेली.

मी मावशीकडे जाऊन बसले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू तोंडाने सांगितलंस, कुणी ऐकलं नाही. आता नाकाने ऐकतील.”

तपासणीला आठ दिवस राहिले होते. हेडमास्तर फॉर्मांत बुडालेले. मावशीने वरच्या शाळेतल्या त्या संडासाचं कुलूप काढलं आणि मुलींना सांगितलं, “जा गं, उघडं आहे.” पहिल्या दिवशी कुणी जाईना, फरशी मळेल म्हणून. मग एक गेली, मग रांगच लागली. मावशी रोज दुपारी दोनला यायची, दार ओढून घ्यायची आणि हात मागे बांधून बसून राहायची. तीस वर्षांत जी बाई एक ठिपका सोडत नव्हती, तिने आठ दिवस झाडू उचलला नाही. तिला जेवण जात नव्हतं म्हणे. मला ते खरं वाटतं.

तपासणीला तिघे साहेब आले. पालकांची प्रतिनिधी म्हणून हेडमास्तरांना मलाच बोलवावं लागलं, नोंदलेल्या यादीत पहिली सही माझी होती ना. कवायत झाली, पांढऱ्या स्कर्टांची रांग सरळ आली, साहेब खूश. मग हेडमास्तर सगळ्यांना घेऊन मागे आले आणि ऐटीत दार ढकललं.

जे आत होतं त्याचं वर्णन मी करत नाही. आठ दिवस साठ मुली आणि थेंबभर पाणी नाही, इतकं सांगितलं की पुरे. एक साहेब मागच्या मागे पळाले. चष्मेवाल्या साहेबाने रुमाल नाकाला लावला. हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. “मावशी, हे काय आहे?”

“हा संडास आहे,” मावशी म्हणाली. “इतके दिवस नव्हता. साहेब, जरा नळ सोडून बघा.”

चष्मेवाले साहेब मात्र खमके. पाय उचलत आत गेले आणि नळ फिरवला. पाण्याऐवजी एक कोळी बाहेर आला आणि भिंतीवरून चालता झाला. मी दारातून बघत होते. म्हटलं, झालं, आता यांना कळलं. साहेब बाहेर आले, फॉर्म काढला, रुमाल धरलेल्या हाताने चष्मा सारखा केला आणि दोन खुणा केल्या. मी पुढे होऊन बघितलं. ‘स्वच्छ आहे का’ यापुढे ‘नाही’. ‘नळ आहे का’ यापुढे ‘होय’.

“साहेब, नळाला पाणी नाही,” मी म्हटलं.

“बाई, फॉर्ममध्ये पाण्याचं विचारलेलं नाही,” ते म्हणाले. त्यांना माझी कीव आलेली दिसली.

मग तिघे खाली गेले. खालच्या शाळेतही फरशी ओली म्हणून ‘स्वच्छ नाही’. आणि पिंपात पाणी गळ्यापर्यंत भरलेलं असून ‘नळ नाही’.

पंधरा दिवसांनी निकालाचा तक्ता लागला. वरची शाळा चौऱ्याहत्तर, खालची एकाहत्तर. नळाचे गुण होते पाच. मी तिथेच उभी राहून बोटावर हिशेब केला. कोळ्याच्या घराला पाच गुण, आणि भरलेल्या पिंपाला शून्य. तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायचं कुणाशी? ते साहेब उंटावरून शेळ्या हाकून केव्हाच गेले होते.

मावशीला हेडमास्तरांनी त्याच दिवशी काढलं. किल्ली मागून घेतली आणि ऑफिसात खिळ्याला टांगली. खालची शाळा बंद झाली म्हणजे तिकडचं कामही गेलं. मी भेटायला गेले तेव्हा चुलीमागची भिंत रिकामी होती. काच तेवढी तिने मला दिली, म्हणाली, “मापाचा तक्ता लाव यात.”

जूनमध्ये ठकी सहावीत गेली. वरच्या शाळेत, दुसरी होती कुठे? संध्याकाळी आली, दप्तर टाकलं, बाटली ओट्यावर ठेवली. ठेवतानाचा आवाजच जड आला. मी उचलून बघितली. सकाळी भरली होती तशीच, काठोकाठ.

“पाणी नाही प्यायलीस?”

“प्यायचंच नसतं आई,” ती म्हणाली. “मोठ्या मुलींनी सांगितलं. सवय होते.”

तिच्या ओठांवर बारीक साल निघाली होती. एका दिवसात. त्या यादीत सगळ्यात वर माझी सही होती, माझ्याच हाताची, माझ्याच पेनाची. इतरांची किळस करून करून मी महिने काढले होते. त्या संध्याकाळी स्वतःची किळस करायची पाळी आली.

सकाळी मी मशीन बंद ठेवलं. मावशीला बरोबर घेतलं. बंद शाळेच्या हेडबाई अजून सामानाची यादी करत होत्या, त्यांनी निळा पिंप काही न विचारता दिला. आम्ही दोघींनी तो हातगाडीवर घातला, ओढ्यावर अर्धा भरला आणि टेकाड चढलो. वाटेत न्हाव्याच्या दुकानातून सगळे बघत होते. मी मान खाली घातली नाही.

मधली सुट्टी होती. मैदानात मुली उभ्या होत्या, मी शिवलेल्या पांढऱ्या स्कर्टांत. हेडमास्तर धावत आले. “हे काय? परवानगी कुणाची?”

“तुमच्या यादीत पहिली सही माझी आहे,” मी म्हटलं. “काढून बघा. किल्ली द्या.”

“ताई, ऑफिसात या, आपण बसून बोलू.”

“नको. किल्ली द्या. नाहीतर मी इथे उभी राहून एकेक मुलीला मोठ्याने विचारते, की दिवसभर तू कुठे जातेस. आणि मग तुम्हाला विचारते, तुम्ही कुठे जाता.”

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. चौदा वर्षं ज्या लाजेच्या जोरावर त्यांचं कुलूप टिकलं होतं, तीच आता त्यांच्या मानेवर बसली. त्यांनी मुलींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आत गेले आणि किल्ली आणून पिंपाच्या झाकणावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही, जणू मीच बाटले होते.

मावशीने कुलूप उघडलं. आत हेडमास्तरांनी पुन्हा सगळं पुसून घेतलेलं होतं, चकचकीत. तिने पिंपातून एक बादली काढली आणि त्या फरशीवर सपकन ओतली. मग कुलूप उचलून मागच्या झुडपांत फेकून दिलं. हेडमास्तर म्हणाले, “आता पुढच्या तपासणीत वास येईल.”

“येईल,” मावशी म्हणाली आणि झाडू मागितला.

आता ती रोज येते. पगार नाही, कागदावर नाव नाही, अंगठा तर नाहीच. पिंप आम्ही दोघी आळीपाळीने भरतो. गावातल्या बाया अजून आमच्याकडे बघून नाकाला हात लावतात. लावू देत.

कुलूप फेकलं त्या दिवशी संध्याकाळी ठकीने बाटली ओट्यावर ठेवली तेव्हा मी लगेच उचलून बघितली. अर्धी होती.